डोकेदुखीचा आरोपी

मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतल्या मुलांच्या कानावर वाशीचं नाव पडतं ते बहुधा दहावी-बारावीच्या निमित्ताने. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचं मुंबई विभागीय मंडळ इथे आहे. खुद्द वाशीत राहणाऱ्या मुलांचं वर्षही याच परीक्षांभोवती फिरतं. सकाळची शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज, दुपारी डबा अर्धवट टाकून क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, रात्री टेस्ट सिरीज. फेब्रुवारी-मार्चचा उकाडा सुरू होतो तेव्हा हे सगळं टोकाला पोचलेलं असतं.

अशा घरात चौदा-पंधरा वर्षांचं पोर ‘डोकं फुटतंय’ म्हणत दिवा मालवून पडतं, उलटी करतं, कुणाचा आवाज नको म्हणतं, तेव्हा बाहेरच्या खोलीत चौकशी बसते. बाबांच्या मते मोबाईल. आईच्या मते सकाळी दूधसुद्धा न घेता बाहेर पडणं. आजीला दृष्टीची शंका येते, आणि दृष्ट काढूनही उतरलं नाही की गेल्या जन्मीचं काहीतरी. आत्या हळूच आठवण करून देते की मुलाच्या आईलाही लग्नाआधीपासून अर्धशिशी होती. शेजारच्या काकू शेजवान नूडल्सचं नाव घेतात. ज्याचं डोकं दुखतंय त्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

ही सभा फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पंचविसाव्या अध्यायात काशीचा राजा वामक ऋषींपुढे प्रश्न टाकतो: माणूस ज्यापासून जन्मतो, त्याचे रोगही त्यापासूनच जन्मतात का? मग एकेक जण उठतो. मौद्गल्य म्हणतो, आत्म्यापासून. शरलोमा म्हणतो, मनापासून. वार्योविदाचं बोट रसाकडे, म्हणजे खाण्यापिण्यातून जे शरीरात येतं त्याकडे. कौशिक आईवडिलांना जबाबदार धरतो. भद्रकाप्य त्याला अडवतो: आंधळ्याच्या पोटी आंधळाच जन्मतो असं कुठे दिसतं? खरं कारण कर्म. त्यावर भरद्वाजाचा सवाल: कर्माच्या आधी कर्ता हवा ना, मग कर्म हे मूळ कसं? त्याच्या मते सगळा स्वभावाचा खेळ. कुणी प्रजापतीचं नाव घेतो, भिक्षु आत्रेय काळाचं. मोबाईल सोडला तर वाशीच्या टू-बीएचकेमधला एकही पक्ष तिथे गैरहजर नाही.

शेवटी पुनर्वसू आत्रेय सगळ्यांना थांबवतो. एकेक पक्ष धरून भांडत राहिलात तर तेलाच्या घाण्यासारखे गोल फिरत राहाल, तत्त्वाला पोचणार नाही, असं तो बजावतो. त्याचा निवाडा असा, की ज्या गोष्टींच्या हितकर जुळणीतून माणूस घडतो, त्याच गोष्टींच्या अहितकर जुळणीतून त्याचे रोग घडतात. एकट्या कुणाला आरोपी करायला तो तयार नाही.

किशोरवयातल्या अर्धशिशीबद्दल आजच्या मेंदूविज्ञानाचं म्हणणं या निवाड्यापासून फार लांब नाही. आजाराचा कल बऱ्याच अंशी रक्तातून येतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात अर्धशिशीशी संबंध असलेल्या १२३ जागा मानवी जनुकसंचात सापडल्या. म्हणजे आत्याचं म्हणणं खरं, आणि भद्रकाप्याची हरकतही खरी: कल येतो, पण आईला आहे म्हणून लेकीला होईलच असं नाही. वयात येण्याआधी हा त्रास मुलग्यांत आणि मुलींत जवळपास सारखा आढळतो. पाळी सुरू झाली की मुलींचं पारडं जड होतं, कारण पाळीच्या सुमाराला इस्ट्रोजेनची पातळी घसरते आणि अर्धशिशीचा मेंदू कुठल्याही बदलाने बिथरतो. झोप कमी झाली तरी बिथरतो, रविवारी दुपारपर्यंत ताणली तरी बिथरतो. जेवण चुकणं, पाणी न पिणं, कडक ऊन, उग्र वास, ढोल, ताण, आणि ताण अचानक सुटणं, हे सारे त्याच यादीतले. २०१४ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ताण उतरू लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच झटक्याचा धोका सर्वांत जास्त दिसला. शेवटचा पेपर देऊन आलेलं पोर त्याच संध्याकाळी अंथरुणाला खिळतं तेव्हा ‘पेपर तर संपला, आता कसलं नाटक?’ असं विचारण्याआधी हे आठवावं.

आणखी एक गोष्ट घरच्यांना चकवते. मोठ्यांची अर्धशिशी एका बाजूने उठते असा सगळ्यांचा अनुभव. मुलांमध्ये ती पुष्कळदा दोन्ही बाजूंनी, कपाळभर असते, आणि दोन तासांतही उतरू शकते. त्यामुळे ‘ही काही अर्धशिशी नाही, चष्म्याचा नंबर वाढला असेल’ असं ठरतं. नवा चष्मा येतो, दुखणं जिथल्या तिथे.

आता मोबाईलकडे यायला हवं, कारण बहुतेक घरांत त्याच्यावरचा आरोप सिद्धच मानलेला असतो. इथे नैयायिकांची, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांची, मदत घेण्यासारखी आहे. कार्याच्या आधी जे जे हजर असतं ते सगळं कारण नसतं, हे त्यांनी बारकाईने मांडलं. त्यांचं ठरलेलं उदाहरण कुंभाराच्या गाढवाचं. घट तयार होण्याआधी माती वाहून आणणारं गाढव अंगणात असतं खरं, पण म्हणून गाढव हे घटाचं कारण ठरत नाही, कारण त्याच्याविनाही घट होतो. अशा उगाच हजर असणाऱ्याला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात.

अर्धशिशीच्या आरोपींमध्ये अशी बरीच गाढवं आहेत. चॉकलेट हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डोकेदुखीच्या ६३ रुग्ण स्त्रियांना चॉकलेट किंवा त्याच्यासारखाच लागणारा कॅरॉब नावाचा पदार्थ, कुठला कोणता हे न सांगता, खायला दिला गेला. चॉकलेटने डोकेदुखी जास्त उठली नाही. मग इतक्या लोकांना चॉकलेटनंतर डोकं दुखल्याचं का आठवतं? याचं उत्तर झटक्याच्या पूर्वावस्थेत आहे. वेदना सुरू होण्याच्या काही तास, कधी एक-दोन दिवस आधीच मेंदूत बदल सुरू झालेले असतात. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, उजेड खुपतो, आणि गोड खावंसं वाटतं. म्हणजे चॉकलेट खाल्लं म्हणून झटका आला असं वाटतं, तेव्हा अनेकदा झटका यायला लागला होता म्हणून चॉकलेट खाल्लेलं असतं. चिडचिडीचंही तेच. ‘सकाळी भांडलास, म्हणून दुपारी डोकं दुखलं’ या वाक्यात कारण आणि कार्य यांनी जागा बदललेल्या असू शकतात.

मोबाईल संपूर्ण निर्दोष आहे असं म्हणायचं नाही. रात्री एकपर्यंत रील पाहणारा मुलगा झोप गमावतो, आणि झोप गमावणं हा खरा घाव आहे. पण पडद्याचा उजेड हाच गुन्हेगार आहे हे तितकंसं पक्कं नाही. २०२० च्या टाळेबंदीत इटलीतल्या डॉक्टरांनी डोकेदुखीच्या मुलांची पाहणी केली. शाळा पडद्यावर आली होती, तरी बऱ्याच मुलांची डोकेदुखी कमी झाली होती, आणि त्याचा संबंध शाळेचा ताण हलका होण्याशी दिसला. वाशीतल्या किती पालकांना हा निष्कर्ष रुचेल हा प्रश्नच आहे. मोबाईल हिसकावून घेता येतो. क्लासची फी भरलेली असते.

याहून अवघडात टाकणारा प्रयोग डेन्मार्कमधला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तिथल्या संशोधकांनी अर्धशिशीच्या २७ अशा रुग्णांना बोलावलं ज्यांची खात्री होती की प्रखर उजेडाने किंवा जोरदार व्यायामाने आपल्याला हमखास झटका येतो. त्यांना तेच करायला लावलं. नेहमीसारखा, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन उठणारा झटका फक्त तिघांना आला, आणखी तिघांना रेषांशिवायचा. बाकीचे एकवीस जण तसेच घरी गेले. आपल्याला आपला शत्रू ठाऊक आहे असं मानणाऱ्यांची ही स्थिती, तर दुसऱ्याच्या डोक्यातला शत्रू बाहेरच्या खोलीत बसून ओळखणाऱ्यांची काय कथा!

आयुर्वेदाच्या टीकाकारांनी इथे एक उपयोगी भेद केलेला आहे. माधवनिदानावरच्या मधुकोश टीकेत विजयरक्षिताने कारणाचे दोन प्रकार सांगितले: रोग उत्पन्न करणारं आणि रोग प्रकट करणारं. हेमंतात कफ साठतो, वसंतातलं ऊन त्याला वितळवून बाहेर काढतं. ऊन कफ निर्माण करत नाही. किशोरांच्या अर्धशिशीत उपास, जागरण, लाउडस्पीकर ही सगळी वसंतातली उन्हं आहेत. ती टाळता आली तर जरूर टाळावीत, पण ती टाळूनही झटका आला तर कुणाचा गुन्हा शोधत बसू नये.

कारण शोधणं आणि दोष शोधणं यांतली रेघ घरात फार लवकर पुसली जाते. ‘काय खाल्लं होतंस?’ हा डॉक्टरांचा प्रश्न असतो तेव्हा ती चौकशी असते. हाच प्रश्न आईच्या तोंडून तिसऱ्यांदा येतो तेव्हा तो आरोप होतो. मुलाला ते बरोबर कळतं. मग ते दुखणं लपवायला लागतं, गोळ्या गुपचूप घेतं. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या तीन महिन्यांहून जास्त घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आजीच्या ‘गेल्या जन्मीच्या’ तर्कालाही हसण्यावारी नेऊ नये. दुखण्याला काहीतरी अर्थ असावा, ही माणसाची जुनी भूक आहे. पण ही भूक भागवताना दुखणाऱ्यालाच पापी ठरवायचं का, यावर धर्मपरंपरांमध्येच मोठा वाद झालेला आहे. पाली संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो: माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्माचं फळ असतं, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरं का? बुद्ध नकार देतो. काही वेदना पित्तातून येतात, काही कफातून, काही वातातून, काही तिन्हींच्या मिश्रणातून, काही ऋतुबदलातून, काही चुकीच्या वागण्यातून, काही बाहेरच्या आघातातून, आणि काही कर्मफळातून, अशा आठ वाटा तो मोजतो. सगळंच पूर्वकर्म म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे धावतात आणि जगाला जे ठाऊक आहे त्याच्याही पुढे धावतात, असं त्याचं म्हणणं. ऋतुबदलाने दुखू शकतं हे अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य होतं. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूचं उत्तर: दोघांचंही नाही. वाशीत विहारही आहेत आणि चर्चही. ही उत्तरं तिथल्या माणसांना नवी नाहीत, फक्त घरी दुखणं आलं की ती विसरली जातात.

धर्माचा खरा व्यावहारिक प्रश्न उपासाचा आहे, आणि तिथे संकोच न करता बोलायला हवं. आषाढी, श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र, महाशिवरात्र. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली मैत्रिणींबरोबर हौसेने हे उपास धरतात, काही तर निर्जळी. उपासाने डोकं दुखतं हा काही नास्तिकांचा प्रचार नाही. ज्यूंच्या योम किप्पूरच्या उपासावर इस्राएलच्या संशोधकांनी १९९५ मध्ये लिहिलं आहे आणि रमजानमधल्या डोकेदुखीवरही वैद्यकीय लेखन आहे. उपास लांबतो तशी डोकेदुखीची शक्यता वाढते, आणि ज्यांना आधीपासून त्रास आहे त्यांना ती जास्त गाठते. एरवी रोज चहा-कॉफी घेणाऱ्यांना ती तुटल्याचा फटका वेगळा.

यावर शास्त्र काय म्हणतं? एकादशीच्या उपासाला धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी आठ ते ऐंशी अशी वयाची मर्यादा सांगितली आहे, म्हणजे किशोर त्यात येतात. पण तेच निबंधकार अशक्तासाठी दार उघडं ठेवतात. ज्याला पूर्ण उपास झेपत नाही त्याने एकभुक्त राहावं, किंवा रात्री एकदा जेवावं, किंवा फळं-दूध घ्यावं. धर्मशास्त्रात वारंवार येणाऱ्या एका वचनात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी मोजल्या आहेत. त्यात पाणी आहे, कंदमुळं आहेत, फळं, दूध आणि औषधही आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० च्या सुमाराचा, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांतली व्रतं पुढे त्याच्या आधाराने ठरत आली. अशी परंपरा असताना ‘गोळी घेतलीस तर उपास मोडला’ असं मुलीला सांगणारी व्यक्ती शास्त्राहून कडक झालेली असते. कुराणातही आजारी माणसाला रोजा सोडून नंतर भरून काढण्याची मुभा स्पष्ट दिलेली आहे. उपास देवासाठी असेल तर तो पाण्याच्या पेल्याने रुसणार नाही, इतकं गृहीत धरायला हरकत नाही.

उत्सवाच्या आवाजाबद्दल मात्र परंपरेकडे बोट दाखवता येत नाही, कारण डीजेची भिंत आणि लेसरचे झोत कुठल्याही पोथीत नाहीत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी हा २००० सालच्या नियमांचा भाग आहे, आणि सवलतीच्या मोजक्या रात्रींत नेमकी सणांचीच गर्दी असते. बंद खिडकीआड उशी डोक्यावर घेऊन पडलेल्या मुलाला त्या रात्री भक्ती कशी दिसत असेल, याचा विचार मंडळांच्या बैठकीत कुणीतरी मांडायला हवा.

शाळेच्या वेळेचंही तसंच. वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. रात्री लवकर झोप येत नाही, सकाळी लवकर जाग येत नाही, हा आळस नसून वय आहे. भिक्षु आत्रेयाचा ‘काळ’ इथे अक्षरशः लागू पडतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सुचवलं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा नऊला किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला, पण तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं ती आठवी-नववी-दहावीची मुलं सातच्या घंटेला पळतच राहिली.

या सगळ्याच्या तळाशी एक अवघड प्रश्न उरतो: दुसऱ्याचं दुखणं खरं कसं मानायचं? अर्धशिशीत रक्ततपासणी स्वच्छ येते, एमआरआय बहुधा स्वच्छ येतो. न्यायशास्त्राच्या मते सुखदुःखाचं प्रत्यक्ष ज्ञान ज्याचं त्यालाच होतं, मनाद्वारे. इतरांकडे उरतं ते अनुमान आणि शब्द. म्हणजे मुलाचा चेहरा पाहून अंदाज बांधायचा, किंवा त्याने सांगितलेलं मानायचं. ‘परीक्षा आली की बरं डोकं दुखतं’ हे अनुमान आहे, आणि कच्चं अनुमान आहे, कारण ताणाने झटका येतो हे परीक्षेच्या सुमारालाच दिसणार. मूल खोटं बोलू शकतं, हे खरं. पण ज्या घटनेचा एकच साक्षीदार आहे तिथे त्याची साक्ष आधीच फेटाळून निवाडा करता येत नाही.

ऐकून घेण्याचा औषधाशी काही संबंध आहे का? २०१७ साली अमेरिकेतल्या, ८ ते १७ वर्षांच्या ३६१ मुलांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. झटके टाळण्यासाठी मोठ्यांना दिली जाणारी दोन औषधं आणि साधी साखरेसारखी निष्क्रिय गोळी यांची तुलना होती. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटले, आणि दोन्ही औषधांचा निकाल त्याहून सरस नव्हता. यावरून ‘बघा, मनाचंच होतं’ असं म्हणणारे शरलोमाच्या बाकावर जाऊन बसतात. त्या मुलांना नियमित भेटणारं, त्यांच्या नोंदी गंभीरपणे वाचणारं कुणीतरी मिळालं होतं, हेही त्या आकड्यात असणार, असं मानायला जागा आहे. १० ते १७ वर्षांच्या, जवळजवळ रोज डोकं दुखणाऱ्या मुलांवरच्या २०१३ च्या दुसऱ्या चाचणीत औषधाला वर्तनोपचाराची जोड दिली तेव्हा फरक ठळक दिसला. तिथे मुलांना दुखण्याशी कसं वागायचं ते शिकवलं होतं.

वाशीतल्या, किंवा कुठल्याही गावातल्या पालकांना करण्यासारखं थोडंच आहे, पण ते नेटाने करावं. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, तापासोबत आखडलेली मान, हातापायातली कमजोरी, दिसेनासं होणं किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. एरवी घरात एक वही ठेवावी. झटका कधी आला, किती वेळ टिकला, आदल्या दिवशी झोप किती झाली, जेवण कधी झालं, पाळीची तारीख काय होती, गोळी घेतली का. ती वही मुलानेच लिहावी, आई-बाबांनी तपासू नये. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाल तेव्हा वही त्याच्याच हातात द्या, आणि डॉक्टरांनी विचारलं की पहिलं उत्तर त्यालाच देऊ द्या.